मिनिटं नंतर मोजा: लहान मुलांचा स्क्रीन टाइम आटोक्यात आणताना

आकडे आधीच सांगून टाकूया, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मूल दोन वर्षांचं होईपर्यंत स्क्रीन नको. दोन ते चार वर्षं या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तर आणखी चांगलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, जवळपास तेच सांगते: दोन वर्षांपर्यंत फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल, दोन ते पाच वर्षांत तासाभराच्या आत, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत.

पण हे आकडे पाठ असलेल्या घरांतही मोबाईल सुरूच असतो. कारण लहान मुलाच्या हातात मोबाईल जातो तेव्हा तो बहुतेक वेळा मोठ्यांचं एखादं काम करत असतो. भरवण्याचं काम, पोळ्या होईपर्यंत मुलाला ओट्यापासून लांब ठेवण्याचं काम, आजीला दुपारी अर्धा तास पाठ टेकू देण्याचं काम. मोबाईल काढून घेतला की ते काम तसंच पडून राहतं, आणि दोन-तीन दिवसांत मोबाईल परत येतो. म्हणून मिनिटं कमी करण्याच्या आधी ही कामं शोधायची आणि एकेक करून दुसऱ्या कोणाकडे किंवा कशाकडे सोपवायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच आहेत.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका

एक कागद घ्या. स्क्रीन लागली की चार गोष्टी लिहा: किती वाजता, कोणी दिली, कशासाठी दिली आणि बंद करताना काय झालं. टीव्हीही मोजा. फोनमधलं ‘डिजिटल वेलबीइंग’ यूट्यूब किती वेळ चाललं ते सांगतं, पण त्यात तुमचं बघणंही मिसळलेलं असतं आणि ‘कशासाठी’ हे त्याला माहीत नसतं. खरी माहिती त्याच रकान्यात आहे.

‘कोणी दिली’ हा रकाना एकत्र कुटुंबात जपून भरा. त्याचा पंचनामा झाला तर दुसऱ्या दिवसापासून कोणी खरं सांगणार नाही.

आठवड्याने कागद वाचलात की बहुतेक घरांत तीन-चारच कामं पुन्हा पुन्हा दिसतील. त्यातलं एक निवडा. सगळी एकदम हातात घेतलीत तर घरातली मोठी माणसंच आधी थकतील.

जेवणापासून सुरुवात करा

यादीत जेवण असण्याची शक्यता मोठी आहे. ‘कार्टून लावल्याशिवाय घासच घेत नाही’ हा प्रकार बहुधा वर्षाच्या आसपास सुरू होतो, आणि त्याला कारण आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोंनीच वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. नेमक्या त्याच सुमारास घरात ‘हा काही खातच नाही’ सुरू होतं, कोणीतरी शेजारच्या गुटगुटीत बाळाचा दाखला देतं, आणि मोबाईल ताटापुढे येतो. चित्राकडे डोळे लागले की तोंड आपोआप उघडतं. वाटीभर वरण-भात बघता बघता संपतो आणि भरवणाऱ्याला हायसं वाटतं. मुलाला मात्र आपण काय खाल्लं, पोट भरलं की नाही, याचा पत्ता नसतो. चावायचं राहून जातं, घास गालात धरून ठेवला जातो, मग तो पाण्याबरोबर खाली उतरवावा लागतो.

हे सोडवायचं तर आधी वजन-उंचीचा तक्ता डॉक्टरांना दाखवा. वाढ ठीक आहे असं त्यांनी सांगितलं की घरातली निम्मी भीती जाते. ती गेल्याशिवाय पुढचं काहीच टिकत नाही. मूल आजारी असेल किंवा वजन खरंच कमी असेल तर ही पायरी डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

मग दोन जेवणांच्या मध्ये काय जातं ते बघा. एक वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध, वर चार वाजता बिस्किटं, सहा वाजता कोणीतरी आणलेला कुरकुरीत पुडा. आठ वाजता भूक लागणार कुठून? दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास मोकळे ठेवा. पाणी चालेल.

त्यानंतर एकच जेवण निवडा. रात्रीचं नको, त्या वेळी सगळेच दमलेले असतात. सुट्टीच्या दिवशीचं दुपारचं किंवा रोजचा नाश्ता बरा. मुलाला तुमच्याच पंगतीला बसवा, त्याच्या ताटलीत अगदी थोडं वाढा, निदान एक पदार्थ त्याला हाताने उचलून खाता येईल असा ठेवा. पोळीचा तुकडा, उकडलेल्या बटाट्याची फोड, इडली. सांडेल. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताटली उचला. ‘बघ, खाल्लं नाहीस’ वगैरे काही नको. मागून दुधाची बाटलीही नको, पुढच्या खाण्याच्या वेळेला पुन्हा वाढायचं.

पहिले काही दिवस तो कमी खाईल, मोबाईलसाठी ताटली ढकलेल, रडणं आधीपेक्षा वाढेल. हे अपेक्षितच आहे. इतके दिवस रडल्यावर जे मिळत होतं ते आता का मिळत नाही, हे तो जोर लावून तपासतो. अशा वेळी चौथ्या दिवशी एकदा मोबाईल दिलात तर तो ‘चार दिवस रडलं की मिळतो’ एवढंच शिकतो आणि पुढची खेप जास्त अवघड जाते. म्हणूनच मी लग्नकार्य, प्रवास किंवा सर्दी-तापाच्या आठवड्यात हे सुरू करू नका म्हणेन.

चिऊचा घास, काऊचा घास चालेल का? काटेकोर मंडळी म्हणतील की तेही लक्ष दुसरीकडे वळवणंच आहे. असेल. पण तिथे भरवणाऱ्याचा चेहरा समोर असतो आणि मूल मान फिरवून ‘नको’ म्हणू शकतं. माझ्या मते चालेल, फक्त चिऊ-काऊच्या नावाने पोट भरल्यावर आणखी दहा घास कोंबू नका.

एक तास द्यायचाच असेल तर तो कुठे खर्च करायचा

मूल दोन वर्षांच्या पुढे असेल आणि तासाभराची मुभा असेल, तर ती वेळ जेवणात वाया घालवू नका. तुम्हाला सगळ्यात जास्त गरज असते तिथे वापरा. बहुतेक घरांत ती संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास असते: ऑफिसातून नुकतं आलेलं असतं, कुकर लावायचा असतो, कणीक मळायची असते आणि मूल पायात घुटमळत असतं. गरम तेल आणि दोन वर्षांचं पोर एकाच खोलीत असण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं टीव्ही लावलेला बरा. त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याची गरज नाही. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तेवढंच. ‘केव्हा मिळेल’ हे ठरलेलं असलं की दिवसभर मागणं आपोआप कमी होतं.

टीव्ही की मोबाईल असं विचाराल तर या वयात मी टीव्हीकडे झुकते. तो डोळ्यांपासून लांब असतो, काय चाललंय ते घरातल्या सगळ्यांना दिसतं, आणि तो उचलून पांघरुणात नेता येत नाही.

दोन वर्षांखालच्या मुलासाठी हाच वेळ स्क्रीनशिवाय काढायचा तर ओट्याखालचा एक कप्पा त्याच्या नावावर करा. जुनं पातेलं, झाकणं, लाकडी चमचे, स्टीलच्या वाट्या. कणकेचा छोटा गोळा द्या. कांदे-बटाटे एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत टाकायला द्या. मटार, शेंगदाणे, चणे मात्र देऊ नका. एवढ्या लहान मुलांच्या घशात ते अडकू शकतात. यातली कुठलीही गोष्ट दहा मिनिटंसुद्धा पुरणार नाही, म्हणून एक संपली की दुसरी काढायची. आवाज होईल. संध्याकाळी घरी कोणी मोठं माणूस असेल तर त्याच्याबरोबर खाली पाठवा. दोन प्रदक्षिणा, एक मांजर, पार्किंगमधल्या गाड्या एवढं पुरतं. जागतिक आरोग्य संघटना एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून तीन तासांची हालचाल सांगते. फ्लॅटच्या हॉलमध्ये ती होणं अवघड आहे.

बंद कसं करायचं

लावणं सोपं, बंद करताना खरी आदळआपट. बहुतेक आई-बाबा ‘अजून दोनच मिनिटं हं’ असं सांगून मुलाला तयार करतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लहान मुलांच्या घरांतले असे प्रसंग नोंदवून पाहिले. आधी इशारा दिला की मुलं शांत होतील असं वाटत होतं, पण इशारा दिलेल्या वेळी बंद करणं जास्तच त्रासदायक ठरलं. उलट दिनक्रमाचाच भाग म्हणून किंवा व्हिडिओ आपोआप संपला म्हणून स्क्रीन बंद झाली, तेव्हा मुलांनी ते सहज घेतलं.

यातून करायच्या गोष्टी सरळ आहेत. मिनिटांवर बोलू नका, दोन वर्षांच्या मुलाला मिनिट कळत नाही. ‘एक गोष्ट’ किंवा ‘दोन गाणी’ असं मोजा. शेवट असलेलं काहीतरी लावा आणि ऑटोप्ले बंद ठेवा, म्हणजे पुढचा व्हिडिओ स्वतःहून सुरू होणार नाही. संपल्यावर बटण त्यालाच दाबू द्या. आणि पुढे काय ते लगेच हातात असू द्या: पाण्याची बादली भरलेली, बाबांच्या चपला दारात. नुसतं ‘आता बस झालं’ म्हणून रिकाम्या खोलीत सोडलेलं मूल लोळण घेणारच.

शॉर्ट्स आणि रील्सना शेवटच नसतो. एवढ्या कारणासाठी ते या वयात पूर्ण वर्ज्य ठेवा. बाकी नियम ढिले पडले तरी हा धरून ठेवा.

रडणं थांबवायला मोबाईल

दुकानात हट्ट केला, रिक्षात रडला, पडला, की मोबाईल. हे काम त्याच्याकडून लवकर काढून घ्यायला हवं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांचा तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. मुलाला शांत करायला वारंवार फोन दिला जात होता तिथे पुढच्या काही महिन्यांत मुलांचा भावनिक उद्रेक वाढलेला दिसला. मुलगे आणि मुळातच चळवळ्या मुलांमध्ये तो संबंध जास्त ठळक होता. म्हणजे फोन द्यायचा सगळ्यात जास्त मोह जिथे होतो, तिथेच तो महाग पडतो.

पर्याय दिसायला किरकोळ आहेत: उचलून बाहेर नेणं, पाणी देणं, ‘तुला ते हवं होतं ना, राग आला’ एवढंच बोलून जवळ बसणं. रडणं लगेच थांबणार नाही. आजूबाजूचे बघतील. बघू द्या.

सेटिंग्ज, एकदाच बसून

यूट्यूबमध्ये ऑटोप्लेचं बटण व्हिडिओच्या वरच्या बाजूला असतं. टीव्हीवरच्या यूट्यूबची सेटिंग्ज वेगळी असतात, तिथेही ते बंद करा. यूट्यूब किड्समध्ये टायमर आहे, शोध बंद करता येतो, आणि ‘फक्त मंजूर केलेलं’ असा पर्याय निवडला तर तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतात. हा शेवटचा पर्याय सगळ्यात उपयोगी आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो, कारण त्याला एकदा अर्धा तास बसून निवड करावी लागते. ॲन्ड्रॉइडमध्ये ‘ॲप पिनिंग’ आणि आयफोनमध्ये ‘गाइडेड ॲक्सेस’ लावलं की मूल एकाच ॲपमध्ये राहतं, तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर इमोजी जात नाहीत. सगळ्यात सोपी युक्ती: दोन-तीन व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा आणि इंटरनेट बंद करून फोन द्या. आणि फोनचा पासवर्ड मुलासमोर टाकू नका. तीन वर्षांचं मूल तो बघून बघून शिकतं.

‘शैक्षणिक’ व्हिडिओंबद्दल

‘याला सगळे रंग इंग्रजीत येतात’ असं कौतुकाने सांगितलं जातं. येतही असतील. पण बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांचा २००३ चा प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही आठवडे चिनी भाषा बोलणारी माणसं खेळली, पुस्तकं दाखवली, आणि बाळं त्या भाषेतले आवाज ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तेच सगळं व्हिडिओवर दाखवलं. त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. भाषा माणसाकडून येते, या वयात तर फारच. म्हणून दोन वर्षांनंतर जे काही लावाल ते संथ, एकच गोष्ट सांगणारं आणि शक्यतो घरच्या भाषेतलं निवडा. अधूनमधून शेजारी बसून ‘आता ती मांजर कुठे गेली?’ असं विचारत राहा.

व्हिडिओ कॉल याच कारणाने वेगळा. समोरचं माणूस त्याच्या हसण्याला उत्तर देतं. पुण्यात आजी आणि न्यू जर्सीत नातू असेल तर हा वेळ तासाच्या हिशेबात धरूच नका. फक्त मुलाला पडद्यासमोर बसवून ‘आजीला पापी दे, नमस्ते कर’ चा कार्यक्रम लावू नका. आजीला काहीतरी करू दे: भाजी निवडताना दाखवू दे, हाताच्या बोटांचा खेळ खेळू दे. फोन शेजारी ठेवून नातवाने ठोकळे रचले तरी भेट झालीच.

घरातली मोठी माणसं

मुलाकडे कोणाचं लक्ष नसलं तरी हॉलमधला टीव्ही चालू असतो, हा प्रकार यादीत बहुधा लिहिलाच जात नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ख्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या अभ्यासात टीव्हीचा आवाज चालू असलेल्या दर तासामागे लहान मुलांच्या कानावर मोठ्यांचे सुमारे ७७० शब्द कमी पडत असल्याचं दिसलं. टीव्हीतली पात्रं बोलत असतात आणि घरातली माणसं गप्प होतात.

आता आजीच्या मालिका. इथे तत्त्वज्ञान सांगायला गेलात तर ‘आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?’ हे ऐकावं लागेल, आणि त्यांचं चूकही नाही. दिवसभर नातवाच्या मागे धावणाऱ्या बाईला टीव्ही बंद करा म्हणणं अन्यायाचंच आहे. एकच नेमकी गोष्ट मागा. ‘आई, तुमची मालिका तुम्ही निवांत बघा, तेवढा वेळ मी याला खाली नेते. फक्त भरवताना टीव्ही नको, एवढं सांभाळाल का?’ यात त्यांची सोय आधी येते. मालिकेच्या वेळी घरी कोणीच नसेल तर तीच मालिका मुलाच्या झोपेच्या वेळी मोबाईलवर बघता येते, ते लावायला शिकवा. आणि लसीच्या खेपेला आजीला बरोबर न्या. नऊ महिन्यांना, मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान डॉक्टरांकडे जाणं होतंच. सुनेने दहा वेळा सांगितलेलं डॉक्टरांनी एकदा सांगितलं की पटतं. चिडू नका, वापरून घ्या.

मोठ्यांनी पाळलेला नियमच घरात टिकतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून मोबाईल आणि टीव्ही बंद करण्याची पद्धत सुरू केली, साडेआठला दुसरा भोंगा. तिथला उद्देश शाळेतल्या मुलांच्या अभ्यासाचा होता, पण मोठ्यांनाही त्या वेळात टीव्ही बंद ठेवायचा होता. घरात भोंग्याची गरज नाही. चार्जर स्वयंपाकघरात ठेवा आणि ठरलेल्या वेळी सगळ्यांचे फोन तिथे लावा, बाबांचाही.

झोप

झोपण्याच्या आधीचा एक तास स्क्रीन नको. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते, एक-दोन वर्षांच्या मुलाला अकरा ते चौदा. आपल्याकडे अडचण वेगळीच असते: बाबा साडेनऊला येतात, मग खेळ, मग जेवण, मग अंथरुणात मोबाईल, आणि झोप साडेअकराला. तिथे फोन काढून भागत नाही, मुलाचं जेवण आधी उरकावं लागतं. बाबांसाठी रात्रीची गोष्ट राखून ठेवा. दिवा मंद, आवाज बारीक, तीच गोष्ट रोज.

कुठे सोडून द्यायचं

ताप आलेला आठवडा, बारा तासांचा रेल्वेप्रवास, घरात कोणी दवाखान्यात असणं. अशा वेळी मिनिटं मोजू नका. घरी परतलात की दुसऱ्याच दिवशी जुनी वेळ, जुनी जागा. दोन-तीन दिवस कुरकुर होईल.

डॉक्टरांना केव्हा दाखवायचं

एक वर्ष झालं तरी बोटाने दाखवत नाही, टाटा करत नाही, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, किंवा कोणत्याही वयात येत असलेले शब्द गेले. यातलं काहीही दिसलं तर ‘मोबाईल बंद केला की बोलेल’ म्हणून सहा महिने थांबू नका. स्क्रीन कमी कराच, पण कानाची तपासणी आणि विकासाची तपासणी त्याच आठवड्यात ठरवा. मोबाईलमुळे ऑटिझम होतो असं व्हॉट्सॲपवर फिरतं, त्याने आई-बापांना नुसती अपराधाची भावना येते आणि काहींचा तपासणीचा वेळ जातो.

अंगणवाडीत मुलांची तपासणी करायला सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना सांगा. ते जिल्ह्याच्या डीईआयसीकडे, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवू शकतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत बोलण्या-ऐकण्याच्या तपासण्या होतात. जाताना मूल घरी कसं खेळतं, काय बोलतं, याचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. तपासणीच्या खोलीत बरीच मुलं तोंडच उघडत नाहीत.